मानसिक आरोग्याच्या अध्यापनात स्वानुभवी व्यक्तींचा सहभाग: एका तासाच्या पलीकडे कसे जावे?

निशिगंधा (बडोदे)

नमस्कार. मी बडोद्यातील एका नर्सिंग कॉलेजात मानसिक आरोग्य परिचर्या हा विषय शिकवते. भारतीय परिचर्या परिषदेच्या सुधारित अभ्यासक्रमात हा विषय पाचव्या आणि सहाव्या सत्रात येतो, आणि त्याच काळात विद्यार्थिनींची पोस्टिंग मनोरुग्णालयात लागते. तिथे त्या हिस्ट्री घेतात, मानसिक अवस्थेची तपासणी लिहितात, संभाषणाचे प्रोसेस रेकॉर्डिंग (रुग्णाशी झालेल्या बोलण्याची शब्दशः लेखी नोंद) करतात आणि फाईल सादर करतात. हे सगळे आवश्यकच आहे. परंतु यात त्यांना आजारी माणूस दिसतो तो केवळ आजार भरात असतानाचा. बरा होऊन घरी गेलेला, नोकरी करणारा, अलकापुरीतल्या एखाद्या ऑफिसात त्यांच्याच शेजारी लिफ्टमध्ये उभा असलेला माणूस त्यांना कधी भेटत नाही. परिणामी पोस्टिंग संपवून परतलेल्या बहुतेक मुलींची अशी पक्की समजूत झालेली असते की स्किझोफ्रेनिया झालेला माणूस कायमचा वाया गेला.

म्हणून माझ्या मनात असे आले की, ज्यांनी हा आजार स्वतः भोगला आहे अशा दोन व्यक्तींना अध्यापनात सहभागी करून घ्यावे. एक बाई आहेत, त्यांना बायपोलर (कधी उन्माद, कधी नैराश्य येणारा) आजार आहे आणि त्या अनेक वर्षे नोकरी करीत आहेत. दुसरे गृहस्थ स्किझोफ्रेनियातून सावरले आहेत आणि एका दुकानाचे हिशेब सांभाळतात. दोघेही मराठी आहेत आणि तत्त्वतः तयार आहेत. प्राचार्यांनी १० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त एक तास देऊ केला आहे, तोही सभागृहात, दीपप्रज्वलनासह. सहकाऱ्यांचे म्हणणे असे की केस प्रेझेंटेशनमध्ये आपण रुग्ण दाखवतोच, मग यात वेगळे ते काय?

मला अडचण वाटते ती अशी. याचा तमाशा होऊ नये यासाठी काय करावे, काय सांगायचे आणि काय नाही हे कोणी ठरवावे, मानधन द्यावे का, आणि बडोद्यातील मराठी मंडळी एकमेकांना किती ओळखतात हे पाहता ओळख उघड होण्याचा धोका कसा टाळावा? शिवाय आत्मकथन सोडून त्यांच्याकडून आणखी काही शिकता येईल का? ज्यांनी असे काही प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया लिहावे.

जुना समाजकार्यकर्ता

निशिगंधाताई, मी मानसोपचार विभागात समाजकार्यकर्ता म्हणून नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. माझे शिक्षण आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या समाजकार्य विद्याशाखेत झाले. आमच्या वेळी ‘केस’ वर्गासमोर आणून बसवली जाई, प्राध्यापक प्रश्न विचारीत, आणि केस बाहेर गेल्यावर तिच्याविषयी चर्चा सुरू होई. तुमच्या सहकाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. माणूस बाहेर गेल्यावर त्याच्याविषयी बोलायचे, ही रचना आणि तो माणूस खोलीत असताना त्याच्याकडून शिकायचे, ही रचना यांत मूलभूत फरक आहे.

याला आधारही आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली मांडले की दोन गटांची नुसती गाठ पडल्याने पूर्वग्रह कमी होत नाही. त्यासाठी त्या भेटीत दोघांचा दर्जा समान असावा लागतो, दोघांना मिळून काही साधायचे असावे लागते, आणि संस्थेचा त्याला उघड पाठिंबा असावा लागतो. वॉर्डातील भेटीत यातले काहीच नसते, कारण एकाच्या अंगावर गणवेश असतो आणि दुसऱ्याच्या अंगावर रुग्णालयाचे कपडे. पॅट्रिक कॉरिगन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ७२ शोधनिबंधांचा एकत्रित अभ्यास केला. त्यात १४ देशांतील ३८,३६४ लोकांची माहिती होती. प्रौढांच्या बाबतीत कलंकाची भावना कमी करण्यास माहितीपर शिक्षणापेक्षा प्रत्यक्ष संपर्क अधिक उपयोगी ठरला, आणि समोरासमोरची भेट चित्रफितीपेक्षा सरस ठरली. मात्र किशोरवयीनांत चित्र उलटे होते, तिथे माहितीपर शिक्षणाचा परिणाम अधिक दिसला. तुमच्या विद्यार्थिनी या दोन वयांच्या सीमेवर आहेत. म्हणून आजाराची माहिती आधी शिकवून झालेली असावी आणि भेट त्यानंतर व्हावी, असे मी सुचवीन. पाचव्या सत्राच्या पहिल्याच आठवड्यात हे करू नये.

कायद्याविषयी थोडे लिहितो. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २३ ने गुप्ततेचा हक्क दिला आहे, आणि कलम २४ ने आस्थापनेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र वा माहिती तिच्या संमतीविना माध्यमांना देण्यास मनाई केली आहे. तुमचे दोघे पाहुणे दाखल रुग्ण नाहीत, त्यामुळे ही कलमे त्यांना जशीच्या तशी लागू होतीलच असे नाही, तरीही ती पाळावीत. सभागृहात मोबाईलवर चित्रण होऊन ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले की मांडवीपासून मांजलपूरपर्यंत पोहोचायला संध्याकाळ लागत नाही. याच कायद्याने केंद्रीय व राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणांवर आजार असलेल्या वा होऊन गेलेल्या व्यक्तींच्या प्रतिनिधींना आणि शुभंकरांच्या, म्हणजे त्यांची काळजी घेणाऱ्यांच्या, प्रतिनिधींना जागा दिल्या आहेत. कायदा ज्यांना निर्णयाच्या टेबलाशी बसवतो, त्यांना आपण अभ्यासक्रमात केवळ दिनविशेषापुरते बोलवावे, हे विसंगत आहे. माझा स्पष्ट सल्ला असा की सभागृह, दीपप्रज्वलन आणि १० ऑक्टोबर हे तिन्ही टाळा.

आपल्या राज्यातले एक उदाहरण तुमच्या प्राचार्यांना जरूर सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या क्वालिटीराइट्स या, सेवेचा दर्जा आणि रुग्णांचे हक्क पाहणाऱ्या, पद्धतीवर आधारलेला उपक्रम २०१४ पासून गुजरातमधील सहा सरकारी मानसिक आरोग्य सेवांमध्ये राबवला गेला. त्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राचा सहभाग होता. आजारातून गेलेल्या व्यक्ती आणि कुटुंबीय यांना सहकारी स्वयंसेवक म्हणून त्यात घेतले होते, आणि त्याचे मूल्यमापन २०१९ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्रीत प्रसिद्ध झाले. ‘आपल्याकडे हे चालणार नाही’ असे कोणी म्हणाले तर हे पुरावे म्हणून दाखवता येईल.

आभा

निशिगंधाताई, मी स्वतः शुभार्थी आहे. पुण्याच्या मंडळींनी आजार भोगणाऱ्यासाठी आणि त्याची काळजी घेणाऱ्यासाठी रूढ केलेले शुभार्थी आणि शुभंकर हे शब्द मला आवडतात, म्हणून तेच वापरते. विद्यार्थ्यांपुढे मी अनेकदा बोलले आहे, या शहरात आणि बाहेरही. तेव्हा जे अनुभवाने ठरले ते लिहिते.

पहिली गोष्ट, ‘तुमचा सर्वात वाईट दिवस सांगा’ असे कोणालाही विचारू नका आणि विद्यार्थिनींनाही विचारू देऊ नका. एका संस्थेत मला संयोजकांनी माइक देतानाच हे विचारले होते. मी पलंगाला बांधले गेल्याचे सांगितले, सगळे सुन्न झाले, टाळ्या वाजल्या, आणि शाल-श्रीफळ घेऊन मी घरी आले. त्या मुलांना त्यातून परिचर्येविषयी काय कळले हे मला आजही सांगता येत नाही. रडवणे सोपे असते. त्याऐवजी, मला बांधण्याच्या आधी कोणी काय बोलले असते तर बांधावे लागले नसते, यावर तासभर काम झाले असते तर त्या मुली उद्या वॉर्डात त्याचा उपयोग करू शकल्या असत्या.

दुसरे, काय सांगायचे हे बोलणाऱ्याने ठरवावे आणि ते आधी लिहून ठेवावे. मी एका कागदावर दोन रकाने करते. एकात ज्याविषयी विचारलेले चालेल ते, दुसऱ्यात ज्याविषयी विचारायचे नाही ते. माझे माहेर, माझे लग्न आणि माझ्या मुलाचे नाव हे दुसऱ्या रकान्यात असते. हा कागद शिक्षकाकडे असतो आणि रेघ ओलांडली गेली तर थांबवण्याची जबाबदारी त्यांची असते. माझ्यावर ती वेळ आणायची नाही. आणि वर्गाच्या दिवशी सकाळी सुद्धा ‘आज जमणार नाही’ म्हणायची मुभा हवी, कारण न विचारता. त्यासाठी तुमच्याकडे दुसरा पाठ तयार असावा, म्हणजे नकार देणाऱ्याला अपराधी वाटत नाही.

मानधनाविषयी संकोच करू नका. बाहेरून आलेल्या डॉक्टरांना व्याख्यानाचे जितके देता तितकेच द्या. येथे एक बारीक बाब आहे, जी शिक्षकांच्या लक्षात येत नाही. व्हाउचरवर ‘रुग्णाचे अनुभवकथन’ असे लिहिले गेले तर ते लेखा विभागातील कारकुनापासून लेखापरीक्षकापर्यंत सगळे वाचतात. ‘अतिथी व्याख्याता’ एवढेच लिहावे. बडोद्यात तो कारकून आपल्या मावसबहिणीच्या सोसायटीत राहणारा निघतो, हे वेगळे सांगायला नको.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आणि माझ्या मते तोच सर्वात महत्त्वाचा आहे. कथनाच्या पलीकडे आम्ही बरेच शिकवू शकतो. एका ठिकाणी मला संवादकौशल्याच्या सरावासाठी बोलावले होते. मी शुभार्थीच्या भूमिकेत नव्हते, परीक्षकाच्या बाजूला बसले होते. एक विद्यार्थिनी दुसरीशी बोलत होती. जी रुग्ण झाली होती ती म्हणाली, ‘सिस्टर, झोप लागत नाही.’ लगेच प्रश्न आला, ‘गोळी घेतली होती का?’ ती म्हणाली, ‘जेवावेसे वाटत नाही.’ पुन्हा तोच प्रश्न. परीक्षकांनी औषधपालनाची चौकशी केली म्हणून गुण दिले. मी विचारले, ‘काल रात्री जागी होतीस तेव्हा काय करत होतीस, हे कोणी विचारणार का?’ कारण माझ्या बाबतीत झोप उडणे म्हणजे आजार पुन्हा येत असल्याची पहिली खूण असते, आणि त्या रात्री मी कपाट आवरत होते की छताकडे बघत पडले होते, यावरून उन्माद येतो आहे की नैराश्य, याचा अंदाज येतो. गोळीचा प्रश्न विचारायचाच, पण तो तिसरा असावा. त्या दिवशी गुणपत्रिकेतच एक ओळ वाढवली गेली. दहा आत्मकथनांपेक्षा मला त्या एका ओळीचे मोल अधिक वाटते.

एक किरकोळ वाटेल अशी सूचना. पाण्याचा पेला काठोकाठ भरून ठेवू नका. लिथियम या औषधामुळे अनेकांचे हात थरथरतात. पेला उचलला की पाणी सांडते आणि सगळा वर्ग बोलणे सोडून हाताकडे पाहू लागतो. झाकणाची बाटली ठेवा.

विश्वामित्रीकाठ

मी वैद्यकीय शिक्षणात आहे आणि या कल्पनेच्या विरुद्ध नाही, तरी येथे जो सर्वसंमतीचा सूर लागला आहे त्यात दोन शंका नोंदवतो.

पहिली शंका निवडीची. वर्गात बोलायला कोण येते? ज्याला बोलता येते, ज्याचे घर पाठीशी आहे, ज्याच्या आजाराला औषध लागू पडले आहे असा. ताईंनी निवडलेले दोघेही नोकरी-व्यवसायात आहेत. मनोरुग्णालयात वर्षानुवर्षे राहिलेला, ज्याला न्यायला कोणी येत नाही असा माणूस यांत कुठे आहे? विद्यार्थिनींचा ‘कोणीच बरे होत नाही’ हा समज काढताना ‘प्रयत्न केला की सगळे बरे होतात’ हा दुसरा समज आपण त्यांना देणार असू, तर वॉर्डात न सुधारणाऱ्या रुग्णाविषयी त्यांच्या मनात उद्या राग निर्माण होईल.

दुसरी शंका पुराव्याची. वर कॉरिगन यांचा उल्लेख आला तो बरोबर आहे. मात्र अशा बहुतेक अभ्यासांत परिणाम कार्यक्रमानंतर थोड्याच काळात मोजलेला असतो, आणि प्रश्नावलीतील मत बदलणे म्हणजे रात्रपाळीतील वागणे बदलणे नव्हे. व्यसनमुक्तीचा दाखला लोक नेहमी देतात. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच समुपदेशक होतात, आणि ते काम उत्तम चालते. त्यामागे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या मद्यमुक्तीच्या स्वमदत गटांची १९३५ पासूनची परंपरा आहे, ‘मी तुझ्याच जागी होतो’ हे तिथे उपचाराचेच अंग आहे. मनोविकारांच्या अध्यापनाला ते सरळ लागू करता येईल असे मला वाटत नाही, कारण तिथे शिकणारा स्वतः त्याच वाटेवरचा असतो आणि इथे तो परिचारिका होणार असतो.

रावपुऱ्याचा शुभंकर

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. वरच्या डॉक्टरांची पहिली शंका मला पूर्ण पटते, कारण माझा भाऊ वर्गात येऊन बोलू शकणार नाही. त्याला नीट बोलता येते ते फक्त क्रिकेटविषयी आणि तेही सकाळी.

पण म्हणून त्याच्याऐवजी मला बोलवावे, असेही नाही. शुभंकरांना बोलावणे सोपे जाते. आम्ही वेळेवर येतो, ओघवते बोलतो, आणि सगळ्यांना आमची दया येते. मी बोलायला उभा राहिलो की माझी झोप, आईचे आजारपण, खर्च, नातेवाइकांचे टोमणे हे सर्व येते, आणि ते खरेच आहे. मात्र त्यात माझा भाऊ हा एक त्रास म्हणून उरतो. मला बोलवायचेच असेल तर वेगळ्या दिवशी, वेगळ्या विषयासाठी बोलवा. रुग्णाला घरी सोडताना परिचारिकेने कुटुंबाला काय सांगावे यावर मी पुष्कळ सांगू शकेन. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत लिहिलेले औषधांचे वेळापत्रक आमच्या आईला कधीच वाचता आले नाही.

आभा

विश्वामित्रीकाठ, सर, तुमची निवडीविषयीची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर व्यक्ती बदलून मिळणार नाही. मी कितीही वेळा बोलले तरी मी वीस वर्षे वॉर्डात राहिलेल्या बाईची प्रतिनिधी होत नाही, आणि मी तसे वर्गात सुरुवातीलाच सांगते. पण तिच्याकडून काही घेण्यासाठी तिला व्यासपीठावर आणावे लागत नाही. वॉर्डातल्या चार-पाच जणींना निवांत विचारावे की नव्या विद्यार्थिनी येतात तेव्हा तुम्हाला कशाचा त्रास होतो, आणि उत्तरे नावाशिवाय वर्गात वाचावीत. एकदा असे विचारले तेव्हा आलेले एक उत्तर मला लक्षात आहे: रोज नवी मुलगी येऊन तोच प्रश्न विचारते, लग्न झाले आहे का. हिस्ट्रीच्या फॉर्मचा रकाना भरण्यासाठी दर तुकडी तोच घाव उघडते आणि लिहून झाल्यावर निघून जाते. यावर उपाय अभ्यासक्रमात आहे, व्याख्यानात नाही. आधीच्या तुकडीने लिहिलेली हिस्ट्री संमतीने पुढच्या तुकडीला द्यावी, आणि विद्यार्थिनीने वेगळे काही विचारावे.

दुसऱ्या शंकेवर मी वाद घालणार नाही. वागणूक मोजायची तर वॉर्डातच मोजावी लागेल आणि ते काम तुम्हा शिक्षकांचे आहे.

जुना समाजकार्यकर्ता

आभाताईंच्या म्हणण्याला एक जोड देतो. इंग्लंडमध्ये २००३ पासून सुरू झालेल्या समाजकार्याच्या पदवीत सेवा घेणाऱ्यांचा आणि कुटुंबीयांचा सहभाग बंधनकारक केला गेला, आणि तो प्रवेशाच्या मुलाखतींपासून मूल्यमापनापर्यंत अपेक्षित होता. तिथल्याच अभ्यासकांनी २००४ मध्ये अशा सहभागाच्या पाच पायऱ्या मांडल्या. सर्वांत खाली सहभाग नसणे, त्यावर कधीतरी येऊन अनुभव सांगणे, आणि सर्वांत वर शिक्षकांच्या बरोबरीने निर्णय घेणे. तुमच्या प्राचार्यांनी देऊ केलेला तास दुसऱ्या पायरीवरचा आहे. तो नाकारू नये, पण त्या तासात कथन न ठेवता गुणपत्रिकेचे काम ठेवले तर तोच तास वरच्या पायरीवर जातो.

आणखी एक गोष्ट राहिली. तुमच्या वर्गातच कोणाला तरी हा आजार असेल, किंवा कोणाच्या घरी असेल. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ साली प्रौढांमध्ये मानसिक विकारांचे प्रमाण १०.६ टक्के आढळले होते, आणि त्या सर्वेक्षणात गुजरातही होते. पाहुणे गेल्यावर एखादी विद्यार्थिनी तुमच्या केबिनच्या दाराशी घुटमळेल. त्या दिवशी दुपारचे तास लावू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर लिहून ठेवा, पण ‘तुमच्यापैकी कोणाला’ असे विचारून हात वर करायला लावू नका.

निशिगंधा (बडोदे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कालच प्राचार्यांशी पुन्हा बोलले. सभागृहाचा कार्यक्रम त्यांना हवाच आहे, तेव्हा १० ऑक्टोबरला मीच टेलि-मानस आणि २०१७ च्या कायद्यावर बोलेन, दीपप्रज्वलनही होऊ दे. दोन्ही पाहुणे सहाव्या सत्रात, पोस्टिंग सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात, कौशल्य प्रयोगशाळेत येतील. तिथे एका वेळी दहाच विद्यार्थिनी असतात आणि मोबाईल बाहेर ठेवण्याची शिस्त आधीपासूनच आहे. संवादकौशल्याच्या गुणपत्रिकेचा मसुदा मी आधी दोघांना पाठवते आणि त्यांनी सुचवलेले बदल अंतर्गत मूल्यमापनात घेण्यास प्राचार्यांनी मान्यता दिली आहे, मात्र विद्यापीठाच्या परीक्षेत ते धरता येणार नाहीत. मानधनाची रक्कम अतिथी व्याख्यात्याच्या दरानेच मंजूर झाली.

हिशेब सांभाळणाऱ्या गृहस्थांनी मात्र एक अट घातली आहे. त्यांना मराठीत बोलायचे आहे, आणि वर्गातील बहुसंख्य मुली गुजराती आहेत. त्यांचे म्हणणे असे की गुजरातीत ते दुकान चालवतात, पण आजाराविषयी ते आजवर केवळ घरी आणि मराठीतच बोलले आहेत. माझी एक विद्यार्थिनी दोन्ही भाषा जाणते, तिला शेजारी बसवून हे करता येईल असे वाटते. आभाताई, तुम्ही असे कधी केले आहे का?

आभा

केले आहे. विद्यार्थिनीला बसवू नका, ती वर्गमैत्रिणींसमोर अवघडते आणि कठीण वाक्ये गाळते. त्यांच्या ओळखीचे कोणी नसेल तर तुम्ही स्वतःच सांगा, तीन-चार वाक्यांनंतर थांबत. आणि त्यांना आधी विचारा की एखादे वाक्य गुजरातीत सांगितलेले नको असेल तर ते कसे खुणावतील.